घरच्या अंगणात इंजिन : काम मोजून करा, पार्ट पारखून घ्या

पाऊस, कापसाचा भाव आणि आठवडी बाजार या तीन गोष्टींवर वऱ्हाडातला छोटा धंदा चालतो, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आता त्यात चौथ्या गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे शंभर सीसीची मोटारसायकल. अमरावतीहून बडनेरा, कुरुम, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करीत अकोल्याला जाणारा रस्ता सकाळच्या वेळी पाहावा. दुधाचे कॅन, अंड्यांचे ट्रे, तयार कपड्यांचे गठ्ठे, बांगड्यांच्या पेट्या, भंगाराची पोती असे सारे काही दोन चाकांवर चाललेले दिसते. याच रस्त्यावर लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. रस्ता चांगला झाला तशा गाड्या जास्त पळू लागल्या, ओझे वाढले आणि इंजिने लवकर थकू लागली.

इंजिन थकले की छोट्या धंदेवाल्यापुढे प्रश्न उभा राहतो. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, जुनी विकावी तर भाव येत नाही. मग इंजिनाचे काम काढणे हाच मार्ग उरतो. हे काम बरेच लोक घरच्या अंगणात, ओळखीच्या मेकॅनिकच्या मदतीने किंवा स्वतःच्या हिमतीवर करतात. काम घरी करण्यात काही चूक नाही. चूक होते ती मोजमाप न करण्यात आणि पार्ट घेताना फक्त भाव पाहण्यात. ही चूक आम्ही स्वतः केली आहे. म्हणून प्रस्तुत लेखात उपदेश कमी आणि अनुभव जास्त सांगणार आहोत.

चाचांची गाडी

आमच्या शेजारी एक कापडवाले चाचा राहतात. गावोगावच्या बाजारात तयार कपडे विकणे हा त्यांचा धंदा. २०२४ च्या रमजानच्या सुरुवातीस त्यांची गाडी निळा धूर टाकू लागली. ईदेच्या आधीचे तीन-चार आठवडे म्हणजे त्यांची वर्षाची कमाई. गॅरेजवाल्याने गाडी आठ दिवस ठेवून घ्यावी लागेल असे सांगितले. चाचा आमच्याकडे आले आणि म्हणाले, “बेटा, आठ दिवस गाडी उभी राहिली तर मी खाऊ काय? तुम्ही तुमची गाडी घरीच खोलली होती ना?”

खोलली होती, हे खरे. त्या भांडवलावर आम्ही होकार दिला. बाजारात गेलो. एका दुकानात ब्लॉक-पिस्टनचे दोन किट समोर ठेवले गेले. एक नावाजलेल्या कंपनीचे, दुसरे साध्या खोक्यातले. दोहोंत सुमारे हजार रुपयांचा फरक. दुकानदार म्हणाला, “माल तोच आहे, फक्त खोका वेगळा.” चाचांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही स्वस्त किट घेण्यास मान डोलावली. बिलही मागितले नाही. एका दिवसात काम झाले, गाडी चालू झाली, धूर गेला. चाचांनी आमच्या मुलांसाठी खजूर पाठविले.

तीन आठवड्यांनी, ईदेच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला जाताना, पाठीमागे कपड्यांचा गठ्ठा आणि डोक्यावर चाळीस अंशांचे ऊन असताना गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे एकाएकी अडकली. पिस्टन ब्लॉकमध्ये चिकटला होता. चाचा पडता पडता वाचले. माल टेम्पोत टाकून घरी आणावा लागला. तो बाजार गेला, त्यानंतरचाही गेला. चाचा आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. त्याचेच आम्हाला जास्त वाईट वाटले.

नंतर तो ब्लॉक आम्ही लेथवाल्या उस्तादांकडे नेला. त्यांनी बोअर गेजने मोजून दाखविले. न घासलेल्या भागातही ब्लॉक वरून खाली सारख्या मापाचा नव्हता. जिथे तो अरुंद होता तिथे पिस्टनला फुगायला जागाच नव्हती. उस्ताद म्हणाले, “हे बसविण्याआधी मोजले असते तर पाच मिनिटांत कळले असते.” या एका वाक्यात या लेखाचा सारांश आहे.

आधी रोग ओळखा

इंजिन उघडण्यापूर्वी ते उघडण्याची खरोखर गरज आहे काय, हे पाहावे. धुराचा रंग पुष्कळ काही सांगतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. त्यासाठी इंजिन खोलण्याचे कारण नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. सकाळी गाडी सुरू करताना थोडा वेळच निळा धूर येत असेल तर वाल्वचे सील गेलेले असण्याचा संभव अधिक. रस्त्यावर एक्सलेटर देताच धूर येत राहत असेल तर रिंग आणि ब्लॉक यांच्यावर संशय घ्यावा.

याची खात्री करण्याची जुनी रीत सोपी आहे. प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज लावावा, एक्सलेटर पूर्ण उघडा ठेवावा आणि किक मारून आकडा पाहावा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजावे. आकडा बराच वाढला तर रिंग आणि ब्लॉक झिजले आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजविली. आकडा तेवढाच राहिला तर दोष वाल्वमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. गेज नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणावा. हजारो रुपयांचे काम अंदाजावर काढू नये.

आपल्याकडे मेकॅनिक लोक कामाचे दोन भाग करतात, ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’. हाफ इंजिन म्हणजे हेड, वाल्व, ब्लॉक, पिस्टन आणि रिंग. यात खालचे केसिंग उघडावे लागत नाही. फुल इंजिन म्हणजे क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, गिअर या साऱ्यांसह. हाफ इंजिन घरी करता येते. फुल इंजिन घरी उघडता येते, पण क्रँक दाबून काढणे आणि बसविणे, तो सरळ आहे की नाही हे पाहणे, ब्लॉक बोअर करणे आणि वाल्व सीट कापणे ही कामे प्रेस आणि लेथशिवाय होत नाहीत. ती यंत्रवाल्याकडेच द्यावीत. हातोड्याने क्रँक ठोकणारा मेकॅनिक कितीही स्वस्त असला तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

वऱ्हाडातली धूळ, ऊन आणि पाणी

इंजिन का झिजले, हे न शोधता नवे सामान घालणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे होय. आपल्या भागात तीन शत्रू आहेत.

पहिला शत्रू धूळ. काळ्या मातीचा बारीक भुगा फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेला की तो ऑइलमध्ये मिसळून घासण्याच्या लेपासारखे काम करतो. चाचांच्या गाडीचा फिल्टर आम्ही काढून पाहिला तेव्हा त्याच्या एका कोपऱ्याला करंगळी जाईल एवढे भोक होते. जुना ब्लॉक झिजण्याचे मूळ तेच होते. काही थोड्या रुपयांच्या फिल्टरने सारे इंजिन खाल्ले होते.

दुसरा शत्रू ऊन. अकोला आणि अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या ब्लॉकवर ज्या पात्या असतात, त्यांत चिखल आणि ऑइल साचले की उष्णता बाहेर पडत नाही. चिखलदऱ्याच्या घाटात डबलसीट चढणाऱ्या गाड्या याच कारणाने दम सोडतात. आठवड्यातून एकदा पात्या धुवून काढण्यास पैसे लागत नाहीत.

तिसरा शत्रू पाणी. मोटारसायकलला याचा त्रास नाही, पण ट्रॅक्टर, जीप आणि डिझेल ऑटो चालविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा प्रसिद्धच आहे. तिथले विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले की आत क्षार धरतात, लोखंड गंजते, पाण्याच्या वाटा तुंबतात आणि इंजिन तापून हेड गॅस्केट जाते. कंपनीने सांगितलेले कूलंटच घालावे, आणि ते पातळ करायचे असल्यास बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी वापरावे.

हत्यारे आणि मांडणी

घरी काम करायचे तर गोटी पान्यांचा संच, रिंग पाने, चांगला पेचकस, मॅग्नेटचा पुलर, फिलर गेज आणि टॉर्क पाना एवढे हवेच. टॉर्क पाना महाग वाटतो, पण हेडचे नट हाताच्या अंदाजाने आवळले की एक बाजू जास्त दबते, गॅस्केट फुंकते किंवा स्टड तुटतो. दोघा-चौघांनी मिळून एक घेतला तरी चालेल. माप घेण्याचे मायक्रोमीटर आणि बोअर गेज विकत घेण्याची गरज नाही. लेथवाल्याकडे ते असतात आणि थोडक्या पैशांत तो मोजून देतो.

अंगणात जाड कापड किंवा पत्रा अंथरावा. काढलेला प्रत्येक बोल्ट ज्या भागाचा त्या भागाच्या डबीत ठेवावा आणि डबीवर नाव लिहावे. लांबी वेगवेगळी असलेले बोल्ट पुठ्ठ्यावर त्याच क्रमाने टोचून ठेवण्याची रीत उत्तम. हल्ली मोबाइलवर फोटो काढता येतात, त्यांचा लाभ घ्यावा. पेट्रोलने सामान धुऊ नये. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. डिझेलने धुवावे, मुलांना दूर ठेवावे आणि बिडी-सिगारेट पूर्ण बंद. काढलेले जुने ऑइल नालीत ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून, गॅरेजवाले आपले ऑइल पुनर्वापरासाठी जिथे देतात तिथे द्यावे.

मोजल्याशिवाय पैसा खर्च करू नका

शंभर सीसीच्या लोकप्रिय गाडीचेच उदाहरण घेऊ. १९८५ मध्ये आलेली सीडी १०० आणि १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर यांच्या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. त्यावरूनच ९७.२ सीसी हा आकडा येतो. या ५० मिलिमीटरच्या ब्लॉकमध्ये पिस्टनभोवती जी मोकळी जागा असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. एवढी बारीक गोष्ट डोळ्याला दिसत नाही आणि बोटाला कळत नाही. म्हणून “हाताला गुळगुळीत लागतो, चालून जाईल” या म्हणण्याला काही अर्थ नाही.

ब्लॉक वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा व उभा असा दोनदा मोजावा. असे सहा आकडे कागदावर लिहून घ्यावेत. वरच्या आणि खालच्या आकड्यांत फरक असेल तर ब्लॉक निमुळता झाला आहे. आडव्या आणि उभ्यात फरक असेल तर तो अंडाकृती झाला आहे. पिस्टन खालच्या कडेपासून थोडे वर, गजनपिनेच्या काटकोनात मोजावा. दोन्हींतला फरक गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा. मर्यादेत असेल तर नव्या रिंग घालून भागते. मर्यादेबाहेर असेल तर ब्लॉक बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. हे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर जादा मापात येतात आणि आकडा बहुधा पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला असतो.

इथे जुन्या उस्तादांचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअर करू नये. खोक्यावरच्या आकड्यावर भरवसा न ठेवता हातातला पिस्टन मोजायचा आणि त्याच्या मापाने ब्लॉक कापायचा. बोअर झाल्यावर होनिंग करून आत तिरप्या बारीक रेषा पाडल्या जातात. त्या रेषांत ऑइल टिकते आणि रिंग नीट बसते. होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने घासून धुवावा. कोरडा करून ऑइलचे पांढरे फडके आतून फिरवावे. फडके काळे निघाले तर पुन्हा धुवावा. तो काळा भुगा आत राहिला तर नवी रिंग झिजण्यास वेळ लागत नाही.

किट नवे घेतले तरी हेच सहा आकडे त्याचेही घ्यावेत. आम्ही ते घेतले नाहीत आणि त्याची किंमत चाचांनी मोजली.

पार्ट चार प्रकारचे

बाजारात ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ असे दोनच शब्द वापरले जातात. वास्तविक माल चार प्रकारचा असतो आणि हा फरक कळला तर पैसाही वाचतो.

पहिला प्रकार गाडीच्या कंपनीच्या नावाने तिच्या खोक्यात मिळणारा माल. तो सर्वांत महाग असतो. दुसरा, पार्ट बनविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या नावाचा माल. गाडी बनविणारी कंपनी सारेच पार्ट स्वतः बनवीत नाही. पिस्टन, रिंग, बेअरिंग ती दुसऱ्यांकडून घेते. १९४९ मध्ये स्थापन झालेली मद्रासची इंडिया पिस्टन्स, १९५४ ची गोएत्झे, श्रीराम पिस्टन्स अँड रिंग्ज ही या धंद्यातली जुनी नावे. आपल्या महाराष्ट्राचाही यात मोठा वाटा आहे. कोल्हापुरात मेनन पिस्टन्स आणि मेनन बेअरिंग्ज, साताऱ्यात १९२२ साली उभी राहिलेली कूपर, पुण्यात १९४६ ची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांची नावे ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनवाल्यांना सांगायला नकोत. अशा कंपन्यांचा त्यांच्या स्वतःच्या खोक्यातला माल पहिल्या प्रकारापेक्षा बहुधा स्वस्त पडतो आणि भरवशाचा असतो. आम्ही दुसऱ्या वेळी चाचांच्या गाडीला अशाच मालापैकी किट घातले.

तिसरा प्रकार लहान कारखानदारांचा. स्वतःचे नाव आणि पत्ता छापून तो आपला माल विकतो. याला नकली म्हणणे अन्याय आहे. गॅस्केट, रबर बुश, फूटरेस्ट, केबल अशा वस्तू यातल्या घेण्यास हरकत नाही. परंतु पिस्टन, रिंग, वाल्व, टायमिंग चेन आणि बेअरिंग या पाच वस्तूंत आम्ही तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही.

चौथा प्रकार दुसऱ्याचे नाव चोरून विकलेला माल. हाच खरा डुप्लिकेट. तो ओळखण्याच्या काही खुणा आहेत. खोक्यावर बनविणाऱ्याचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी ग्राहक सेवेचा पत्ता असणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आवश्यक आहे. यातले एक जरी नसले तरी माल परत ठेवावा. छपाई पुसट, नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडे-तिकडे, खोक्यावरचा पार्ट नंबर आणि आतल्या वस्तूवरचा नंबर वेगळा, ही दुसरी खूण. चांगल्या रिंगवर वरच्या बाजूस बारीक अक्षर कोरलेले असते आणि कडा सारख्या असतात. बऱ्याच कंपन्या होलोग्राम किंवा मोबाइलने तपासण्याचे चौकोनी चिन्ह देतात. बेअरिंगमध्ये नकली माल फार, म्हणून एसकेएफसारख्या कंपनीने अस्सल-नकली तपासण्यासाठी मोबाइलवर सोय केली आहे. आणि सर्वांत मोठी खूण भावाची. छापील किमतीच्या निम्म्याने माल मिळत असेल तर दुकानदार आपला सगा लागत नाही, हे लक्षात ठेवावे.

जोडताना या गोष्टी विसरू नका

नवी रिंग पिस्टनवर चढविण्यापूर्वी एकटीच ब्लॉकमध्ये सरकवावी, पिस्टनने सरळ दाबावी आणि तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजावी. फट नसली तर तापल्यावर टोके एकमेकांवर आदळून रिंग तुटते. जास्त असली तर कॉम्प्रेशन जाते. अक्षर असलेली बाजू वर ठेवावी आणि रिंगांची तोंडे एका रेषेत न ठेवता एकमेकांपासून तृतीयांश वर्तुळाच्या अंतरावर ठेवावीत. पिस्टनवर ‘आयएन’ अशी खूण असते ती कार्बोरेटरच्या, म्हणजे इनटेकच्या बाजूस यावी. गजनपिनेचे सर्क्लिप नेहमी नवे घालावे. ते बसविताना खाली केसिंगच्या तोंडात फडके कोंबावे. ते आत पडले तर हाफ इंजिनचे फुल इंजिन होते.

वाल्व सीटवर घासण्यासाठी ग्राइंडिंग पेस्ट वापरली तर तिचा कणही मागे राहू देऊ नये. वाल्व बसवून हेडच्या पोकळीत थोडे डिझेल ओतावे आणि थोडा वेळ थांबावे. पाझरले नाही तर काम पक्के. टायमिंग चेन चढविताना मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसिंगच्या खाचेसमोर आणि वरच्या चक्रावरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर आणावी. किक मारण्यापूर्वी इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवून पाहावे. कुठे अडले तर जोर न करता पुन्हा उघडावे. हेडचे नट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळावेत. जुने गॅस्केट आणि ऑइल सील पुन्हा वापरू नये.

ऑइल घेताना ‘जासो एमए’ हा शिक्का पाहावा. मोटारसायकलमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचे उरलेले ऑइल ओतले तर क्लच घसरण्याचा संभव असतो. पहिले ५०० किलोमीटर गाडी अर्ध्या जोराने, ओझे कमी ठेवून चालवावी. एकाच वेगाने फार वेळ पळवू नये आणि उभ्या जागी फार वेळ चालू ठेवू नये. ५०० नंतर ऑइल बदलावे. फेरीवाल्याला हे अवघड जाते, आम्ही जाणतो. चाचांनी दुसऱ्या वेळी दहा दिवस गठ्ठा अर्धा नेला. “आधा धंदा चालेल, पण बंद धंदा नको,” असे ते म्हणाले.

कायदा आपल्या बाजूस आहे, बिल असेल तर

त्या पहिल्या किटबद्दल आम्ही दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने हात वर केले. आमच्याजवळ बिल नव्हते. चूक आमचीच. वाचकांनी ती करू नये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेणारा मनुष्यही या कायद्याने ग्राहक ठरतो. म्हणजे फेरीवाला, दूधवाला, ऑटोवाला साऱ्यांना तक्रार करता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही दाद मागता येते. दुसऱ्याचे नाव चोरून माल विकणाऱ्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सर्व पार्टवर जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. तेव्हा बिल घेतले तर २८ टक्के कर लागेल ही सबबही आता उरलेली नाही.

आणखी एक इशारा. भंगारातून दुसऱ्या गाडीचे केसिंग किंवा अख्खे इंजिन आणून बसविले तर इंजिन नंबर बदलतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाची नोंद एमएच-२७ वाल्यांनी अमरावतीच्या आणि एमएच-३० वाल्यांनी अकोल्याच्या परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर गाडी जाते आणि अब्रूही जाते.

गॅरेजवाल्या तरुण मित्रांस

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण या धंद्यात आहेत. उस्तादाच्या हाताखाली दहाव्या-बाराव्या वर्षी पाना धरण्याचे दिवस गेले, आणि ते गेले हे बरेच झाले. आधी शाळा, मग आयटीआयमधील मेकॅनिक मोटर व्हेईकल किंवा मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम, आणि त्याच्या जोडीला उस्तादाचा हात, असा क्रम असावा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आणि सेन्सर आले. पिस्टन-रिंगचे गणित तेच आहे, परंतु स्कॅनर वाचता येत नाही तो मेकॅनिक पुढे मागे पडेल.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. गिऱ्हाइकाला काढलेला जुना पार्ट आणि नव्याचा खोका दोन्ही दाखवावेत. मापांचा कागद हाती द्यावा. कोणता माल घातला हे बिलावर लिहावे. स्वस्त माल घालायचाच असेल तर त्यातला दोष आधी सांगावा. माल विकताना त्याचा ऐब न लपविणे ही आपली जुनी शिकवण आहे, आणि मेहनतीची हलाल कमाई याच वाटेने येते. ज्या गॅरेजची अशी कीर्ती होते त्याला जाहिरातीची गरज लागत नाही.

चाचांची गाडी आज त्याच रस्त्यावर चालते आहे. दुसऱ्या किटाचे बिल, सहा मापांचा कागद आणि बोअरची पावती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवली आहे. कोणी घरी इंजिन उघडण्याची गोष्ट काढली की ते पिशवी काढून दाखवितात आणि सांगतात, “आधी हे कागद जमवा, मग पाना उचला.” त्यात आम्ही भर घालावी असे काही उरत नाही.